तूरडाळ निर्दोष होती : डायलिसिसवरच्या एका रुग्णाच्या फॉस्फरसचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातल्या डायलिसिस युनिटमधलं आहे. मी तिथे आहारतज्ज्ञ म्हणून काम पाहते. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. युनिटमधले सगळे त्यांना भाऊ म्हणत, इथेही तेच नाव ठेवते.

पार्श्वभूमी

भाऊ ४९ वर्षांचे, पतसंस्थेत वसुली कारकून. रक्तदाब जुना, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. एके दिवशी धाप लागून दवाखान्यात आले ते थेट डायलिसिसवरच गेले. दोन्ही किडन्या आक्रसलेल्या होत्या. डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) झाला, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, डायलिसिस सुरू झाला. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागत होता. लघवी दिवसाला तीन-चारशे मिली अजून होत होती, ही त्यातली जमेची बाजू. घर माळकरी, त्यामुळे अंडं-मासळीचा प्रश्नच नव्हता.

डायलिसिसला चौदा महिने झाले तेव्हा, जानेवारीअखेरच्या तपासणीत, रक्तातला फॉस्फरस ८.१ आला. प्रौढ माणसात तो दर डेसिलिटरला २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असतो. डायलिसिसच्या रुग्णाला साडेपाचच्या आत ठेवता आला तरी आम्ही समाधान मानतो. कॅल्शियम ९.२, पॅराथायरॉइडचं संप्रेरक (पीटीएच) ६२०, म्हणजे वर. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन मात्र ३.२, म्हणजे खाली. वर्षभरात अंगावरचं चार किलो वजन उतरलं होतं. ५८ चं ड्राय वेट, म्हणजे डायलिसिसने जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, ५४ वर आलं होतं.

आकड्यांआधी मला दिसली ती त्यांची पाठ. बोलताना ते सतत खुर्चीच्या कडेला पाठ घासत होते. शर्ट वर केला तर कमरेपासून मानेपर्यंत ओरखडे, काही ताजे, काही खपली धरलेले. रात्री झोप नाही. वहिनींनी खोबरेल, कडुनिंब, कॅलामाइन, सगळं करून पाहिलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांचं मलमही झालं होतं.

घरच्यांच्या मते दोष संक्रांतीचा. "तिळगूळ खाल्ला, दुसरं काय," वहिनी म्हणाल्या. तिळात फॉस्फरस भरपूर असतो हे खरं, शंभर ग्रॅममागे सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण दहा ग्रॅमच्या दोन वड्यांनी कुणाचा फॉस्फरस आठवर जात नाही.

फॉस्फरस करतो काय

आपल्या शरीरात साधारण ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला ८५ टक्के हाडं आणि दातांत, कॅल्शियमशी बांधलेला. उरलेला पेशींच्या पडद्यांत, डीएनएत, आणि शरीराला क्षणोक्षणी ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीत. रक्तात वाहतो तो एक टक्क्याच्याही आत. म्हणजे आपण तपासतो तो साठ्याचा अगदी चिमूटभर भाग.

धडधाकट माणसाला फॉस्फरसची काळजी करावी लागत नाही. तो जवळजवळ प्रत्येक अन्नात असतो, आणि जास्त झाला तर किडनी लघवीतून टाकते. फॉस्फरस वाढतोय असं दिसलं की हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक सुटतं, पीटीएच वाढतं, दोन्ही किडनीला सांगतात की टाक बाहेर. (उलटी बाजूही आहे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातला फॉस्फरस धोकादायक खाली जातो. आयसीयूत त्याची धास्ती असते. पण तो या प्रकरणाचा विषय नाही.)

किडनीच गेली की हा सगळा आरडाओरडा वाया जातो. संप्रेरकं वाढत राहतात, हाडांतून कॅल्शियम ओढलं जातं, आणि नको तिथे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, हृदयाच्या झडपांवर, त्याचा थर बसतो. भाऊंच्या पोटाच्या एक्स-रेत महाधमनीच्या कडेने पांढऱ्या रेषा दिसत होत्या. खाज हा यातला सर्वांत निरुपद्रवी भाग. पण रुग्णाला जागं ठेवतो तोच.

अडचण नेमकी कुठे होती

भाऊंच्या घरी फ्रिजवर एक झेरॉक्स चिकटवलेली होती. कुठल्याशा दवाखान्यातून मिळालेली, वर ठळक अक्षरांत ‘बंद’. खाली यादी : सर्व डाळी, सर्व कडधान्ये, दूध, दही, शेंगदाणे, सुकामेवा, पालेभाज्या, टोमॅटो, नारळपाणी. वहिनींनी ती वर्षभर निष्ठेने पाळली होती. आमटी म्हणजे डाळीचं वरचं पाणी, खालची डाळ मुलांना.

मग भाऊ खात काय होते? तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली, ती दहावीतल्या मुलीने वहीत नीट लिहून आणली. सकाळी चहा-खारी. दहा वाजता ‘ताकदीची पावडर’ गरम पाण्यातून, कारण दूध बंद. दुपारी भाकरी, भाजी, भात. ऑफिसात मशीनचा चहा, दिवसाला चार कप. संध्याकाळी क्रीमची बिस्किटं किंवा पावात चीजची स्लाइस. रात्री भूक लागली की इन्स्टंट नूडल्स. डायलिसिसच्या दिवशी परतताना स्टँडवर एक थंड कोला, ‘गॅस मोकळा होतो’ म्हणून.

यादीत यातलं काहीच ‘बंद’ नव्हतं. पोटभर डाळ-भाकरी खाणारा माणूस. त्याची डाळ काढून घेतली, ती जागा पाकिटांनी भरली. मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

डाळीतला, धान्यातला, तेलबियांतला फॉस्फरस मोठ्या प्रमाणात फायटेटच्या रूपात अडकलेला असतो. तो सोडवायला लागणारं फायटेज हे विकर माणसाच्या आतड्यात जवळपास नसतंच. म्हणून शाकाहारी पदार्थातला फॉस्फरस तीस ते पन्नास टक्के शोषला जातो. दूध-मांसातला चाळीस ते साठ, कधी त्याहून थोडा जास्त. आणि पाकिटबंद पदार्थ टिकावेत, मऊ राहावेत, फुगावेत, पावडरीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे फॉस्फेटचे क्षार घालतात, त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त. तो कशाला बांधलेलाच नसतो. कागदावर दोन्हीकडे तितकेच मिलिग्रॅम दिसले तरी रक्तात पोचतात ते वेगवेगळे.

वहिनींना मी घरातली सगळी पाकिटं घेऊन यायला सांगितलं. त्या एसटीच्या प्रवासाला नेतात तशी कापडी पिशवी भरून आल्या. मागची बाजू वाचायला आमच्या टेक्निशियनच्या मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरावा लागला, इतकं ते बारीक. आपल्याकडे पोषणाच्या तक्त्यात फॉस्फरस किती हे छापायचं बंधन नाही, सोडियम छापतात. पण घातलेल्या रसायनांचे आकडे द्यावे लागतात, आणि तेच आमच्या कामाचे : ३३८ ते ३४३, आणि ४५० ते ४५२. ३३८ म्हणजे फॉस्फरिक आम्ल, कोलात असतं ते. नूडल्सच्या पाकिटावर ४५१ सापडला. चीजवर ३३९ आणि ४५२. बिस्किटांवर ४५०. ताकदीच्या पावडरीत आकडा नव्हता, पण खनिजांच्या यादीत कॅल्शियम फॉस्फेट सरळ लिहिलेलं होतं. खारीवर काही नव्हतं. ती गावातल्या बेकरीची, साध्या कागदात बांधलेली.

राहिला मशीनचा चहा. भाऊंनी ऑफिसच्या शिपायाला सांगून प्रीमिक्सच्या पुड्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवला. दुधाची भुकटी, साखर, आणि ३४०, म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट. ज्याला पोटॅशियमही सांभाळायचं आहे अशा माणसाला दिवसाला चार कप.

दुसरी गडबड गोळ्यांची. भाऊंना कॅल्शियम अॅसिटेटच्या दिवसाला सहा गोळ्या लिहिलेल्या होत्या. त्या अन्नातल्या फॉस्फरसला आतड्यातच धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. त्यासाठी अन्न आणि गोळी एकाच वेळी पोटात असावी लागते. भाऊ सगळ्या गोळ्या, बीपीच्या, लोहाच्या, या सहाही, सकाळी उठल्याबरोबर एका मुठीत घेत. ‘एकदा सुटलं की दिवसभर बघायला नको.’ रिकाम्या पोटी घेतली की ती फॉस्फरसची गोळी राहत नाही, नुसती कॅल्शियमची होते. रोज एक ग्रॅम कॅल्शियम, तेही ज्याच्या धमनीत आधीच थर बसलाय त्याला. शिवाय लोहाची गोळी या गोळीसोबत घेतली की तिचंही शोषण बिघडतं.

तिसरी गोष्ट फाइल चाळताना सापडली. नोव्हेंबरात एका बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट होता, फॉस्फरस ४.०. गावातल्या फॅमिली डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या सांगितल्या होत्या आणि भाऊंनी रक्त दिलं ते डायलिसिस संपवून घरी जाताना. डायलिसिसनंतर लगेच फॉस्फरस खाली असतोच. पुढच्या काही तासांत पेशींमधून आणि हाडांतून तो पुन्हा रक्तात भरून येतो. म्हणून नमुना नेहमी डायलिसिसच्या आधी घ्यायचा. त्या ‘नॉर्मल’ आकड्यावर भाऊंनी पुढचा दीड महिना फॉस्फरसच्या गोळ्याच घेतल्या नव्हत्या.

आणि चौथी : साडेपाचची एसटी. ती चुकली की पुढची सात वाजता. त्यामुळे भाऊ चार तासांचा डायलिसिस बहुतेक वेळा साडेतीन तासांवरच काढायला लावत. नोंदवहीत ‘रुग्णाच्या विनंतीवरून’ असा शेरा ओळीने दिसतो.

आठवड्याचा हिशोब

फॉस्फरसचा हिशोब दिवसाचा करून चालत नाही, आठवड्याचा करावा लागतो. खालचे आकडे ढोबळ आहेत, पण निर्णय त्यांच्यावरच झाले.

पाकिटातल्या फॉस्फेटचा नक्की आकडा कुणालाच सांगता येणार नाही. दिवसाला अडीचशे मिलिग्रॅम धरू. बाकी अन्नातला नऊशे. नऊशेतले निम्मे शोषले आणि अडीचशेतले नव्वद टक्के, तर दिवसाला पावणेसातशेच्या आसपास, आठवड्याला ४.७ ग्रॅम रक्तात येतो. चार तासांच्या एका डायलिसिसमधून साधारण ८०० मिलिग्रॅम निघतो, दोन मिळून १.६ ग्रॅम, भाऊंचा त्याहून कमी. गोळ्या चुकीच्या वेळी, म्हणजे शून्य धरा. लघवीतून थोडा जातो. तरीही दर आठवड्याला तीनेक ग्रॅम आत राहतोय. तो जातो कुठे, हे एक्स-रेवरच्या रेषा सांगत होत्या.

हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा भाऊ एकदम सावरून बसले. वसुलीचं खातं त्यांना रोजचंच. "म्हणजे मुद्दल फिटतच नाही, व्याजही थकतंय," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोपं झालं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गोळ्या वाढवण्याचा. सगळ्यांत सोपा, बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा हाच होतो. कॅल्शियम अॅसिटेटची एक ६६७ मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत घेतली तर सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फरस धरते. सहाच्या नऊ केल्या तर कॅल्शियमचा बोजा वाढणार. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही कॅल्शियमच्या गोळ्यांचा डोस मर्यादित ठेवा म्हणतात. आमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी नकार दिला.

दुसरा, सेव्हेलमरच्या गोळ्या. त्यात कॅल्शियम नाही. पण एका गोळीमागे बांधणी कमी, म्हणून संख्या जास्त. पोट फुगतं, बद्धकोष्ठ होतं, आणि महिन्याचा खर्च खिशातून करायचा. पतसंस्थेच्या पगारात, एक मुलगी दहावीत आणि एक कॉलेजात असताना, तो खर्च किती महिने चालेल याची शंका होती. अर्धवट चालून बंद पडलेलं महागडं औषध हे मी बरंच पाहिलं आहे.

तिसरा, आठवड्याला तिसरा डायलिसिस. हिशोबात सर्वांत जोरकस. डॉक्टरांचा आग्रह होता की आकडा आठवर असताना थांबू नये, पुढच्याच आठवड्यापासून सुरू करावा. पण गुरुवार हा वसुलीच्या फेरीचा दिवस. रजा संपल्या होत्या, बिनपगारी होणार होती. भाऊ ठाम नाही म्हणाले.

चौथा, पथ्य आणखी कडक करायचं. यावर चर्चा झाली नाही असं नाही. युनिटमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं होतं की डाळ-दूध आधीच बंद आहे तर आता भाकरी बंद करून फक्त भात द्या. ज्वारीत फॉस्फरस भातापेक्षा दुप्पटीहून जास्त, हे कागदावर बरोबर. पण डायलिसिसच्या रुग्णाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे भाऊंना किमान ५५ ग्रॅम. नोंदवहीतून निघत होती जेमतेम ३५. अल्ब्युमिन खाली, वजन खाली. अशा माणसाचं ताट आणखी रिकामं करून फॉस्फरस उतरेलही, पण माणूसही उतरेल.

अंड्याचा पांढरा भाग हा फॉस्फरस अगदी कमी आणि प्रथिन भरपूर असा पदार्थ. डायलिसिस युनिटांत तो सर्रास सांगतात. एका सिस्टरने ‘औषध म्हणून घ्या’ असं म्हणून पाहिलं. भाऊंनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवला आणि विषय संपला. मी तो पुन्हा काढला नाही. पथ्य घरात टिकायचं असेल तर घराच्या आचाराशी भांडून टिकत नाही.

राहिला पाचवा : पाकिटं बंद, डाळ परत, गोळ्या जेवणाच्या घासासोबत, डायलिसिस पूर्ण चार तास. याला पैसे लागत नव्हते. २००९ साली अमेरिकेत २७९ डायलिसिस रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात फक्त फॉस्फेट घातलेले पदार्थ ओळखून टाळायला शिकवलं, तरी तीन महिन्यांत फॉस्फरस दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने जास्त उतरला होता. भाऊंकडे पाकिटं सरासरीपेक्षा जास्त होती, म्हणजे उतरायला जागाही जास्त.

डॉक्टर आणि मी शेवटी असं ठरवलं : पाचवा पर्याय लगेच, तिसऱ्या डायलिसिसचा निर्णय मार्चअखेरच्या तपासणीवर. कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, पीटीएचसाठी सुरू होतं. ते आतड्यातून फॉस्फरसचं शोषणही वाढवतं, म्हणून डॉक्टरांनी फॉस्फरस उतरेपर्यंत थांबवलं.

काय केलं

फ्रिजवरची झेरॉक्स काढायला वहिनी तयार नव्हत्या. त्यांचा मुद्दा सरळ होता : "वर्षभर डाळ दिली नाही तरी आठ झाला, दिली तर किती होईल?" याला उत्तर शब्दांनी देऊन उपयोग नव्हता. मी म्हटलं, पंधरा दिवस पाकिटं पूर्ण बंद आणि रोज दोन वाट्या घट्ट वरण, मग रक्त तपासू. त्या तयार झाल्या, अटीवर की आकडा वाढला तर पुन्हा माझं ऐकणार नाहीत. पंधरा दिवसांनी ७.२ आला. यादी उतरली.

नवं ताट साधारण असं बसलं. दोन्ही वेळा वरण किंवा आमटी, डाळ भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून टाकलेलं, त्यात पोटॅशियम आणि थोडा फॉस्फरसही जातो. म्हणजे वर्षभर जे पाणी भाऊंना मिळत होतं ते ओतून द्यायचं आणि जी डाळ मुलांना जात होती ती भाऊंना वाढायची. भाकरी दोन वेळची तीन, भात एक वाटी. दिवसभरात एक वाटी दही, घरच्या दुधाचा एक कप चहा. पनीर आठवड्यातून दोनदा, थोडं. शेंगदाण्याचं कूट पूर्ण बंद करायचं मी सांगितलं नाही. आमच्या भागात कुटाशिवाय भाजी खाली उतरत नाही. एका माणसामागे दोन चमचे ही मर्यादा घातली.

मोड आलेल्या मटकीवर मला थोडं थांबावं लागलं. मोड आले, पीठ आंबवलं की फायटेट तुटतं आणि खनिजं जास्त शोषली जातात. इतरांसाठी हे वरदानच. भाऊंसाठी त्याचा अर्थ फॉस्फरसही थोडा जास्त. पण बंदीच्या नव्या यादीची सुरुवात मला करायची नव्हती. उसळ आठवड्यातून एकदा ठेवली.

बेकिंग पावडरमध्येही बहुधा फॉस्फेट असतं, खाण्याच्या सोड्यात नसतं. ढोकळ्याला सोडा आणि लिंबू. कोलाऐवजी अर्धी बाटली साधा सोडा, तोही पाण्याच्या कोट्यात धरून.

गोळ्यांसाठी वहिनींनीच युक्ती काढली. दोन वेळच्या जेवणाला अडीच-अडीच आणि सकाळच्या नाश्त्याला एक, अशी विभागणी डॉक्टरांनी दिली होती. त्या गोळ्यांची डबी मिठाच्या वाटीशेजारी, ताटं वाढायच्या जागी ठेवू लागल्या. ऑफिसच्या डब्यात चटणीच्या छोट्या डबीत दुपारच्या गोळ्या. लोहाची गोळी रात्री झोपताना गेली.

एसटीचा प्रश्न युनिटने सोडवला. शनिवारी भाऊंना दुसऱ्याऐवजी पहिल्या पाळीत घेतलं. मंगळवारी ते जमलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी सातची गाडी पकडायचं कबूल केलं.

काय झालं

मार्चअखेर ६.४. खाज निम्म्यावर, झोप लागू लागली. मेमध्ये ६.२, म्हणजे तिथेच अडकला. हे हिशोबातूनही दिसत होतं : डाळ परत आल्यावर अन्नातून हजारेक मिलिग्रॅम, निम्मा शोषला तर आठवड्याला ३.५ ग्रॅम, गोळ्या १.२ ग्रॅम धरत होत्या, दोन डायलिसिस १.६. पाऊण ग्रॅमच्या आसपास शिल्लक राहतच होतं, लघवीतून जाणारं वजा करूनही काही उरत होतं. आता भाऊ स्वतःच तिसऱ्या डायलिसिसचं विचारायला आले. व्यवस्थापकांशी बोलून वसुलीची फेरी शुक्रवारवर नेली. जूनमध्ये ५.३.

जुलैत पुन्हा ६.६. आषाढी. शिवाय घरात दोन्ही एकादश्या कडक पाळतात. साबुदाण्यात फॉस्फरस फारसा नसतो, पण खिचडीतलं कूट, वरईच्या तांदळासोबतची दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, हे सगळं मिळून तो दिवस महिन्यातला सर्वांत जड ठरत होता. आणि गोळ्या? "जेवणासोबत घ्यायच्या म्हणालात. एकादशीला जेवण कुठे असतं?" भाऊंनी सूचना शब्दशः पाळली होती. त्यानंतर सूचना बदलली : फराळ असो की जेवण, पोटात पडलं की गोळी. दाण्याची आमटी अर्ध्या वाटीवर आली, लाडू एक.

सप्टेंबरात ५.५. अल्ब्युमिन ३.७. ड्राय वेट ५६. पाठीवरचे ओरखडे वाळले, जुने डाग आहेत. पीटीएच मात्र ५१० च्या खाली आलं नाही, आणि धमनीतल्या रेषा आहेत तशाच आहेत. त्या मागे जातील अशी अपेक्षाही नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

डॉक्टरांचं मत आजही असं की तिसरा डायलिसिस फेब्रुवारीतच सुरू व्हायला हवा होता, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. तीन-चार महिने फॉस्फरस सहाच्या वर राहिला. माझं म्हणणं वेगळं आहे : फेब्रुवारीत तो लादला असता तर पाकिटं आणि गोळ्यांचा घोळ झाकला गेला असता, आणि बिनपगारीला कंटाळून भाऊंनी दोन महिन्यांत तो सोडला असता. या मुद्द्यावर आमचं एकमत झालेलं नाही.

ज्यावर दुमत नाही ते नोव्हेंबरच्या रिपोर्टबद्दल. त्या कागदावर नमुना डायलिसिसच्या आधीचा की नंतरचा, एवढी एक ओळ असती तर दीड महिना वाचला असता. आता युनिटमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर ‘डायलिसिसपूर्व’ असा शिक्का मारतो, आणि रुग्णांना सांगतो की बाहेर तपासणी करायचीच असेल तर डायलिसिसच्या दिवशी सकाळी, सुई टोचण्याआधी.

‘बंद’ची झेरॉक्स इतर रुग्णांच्या घरीही असणारच. ती बदलायची तर तिच्या जागी पहिल्याच महिन्यात ताट लिहून द्यायला हवं, किती वाट्या, किती भाकरी, आणि त्याखाली ते नऊ आकडे. आमच्याकडे आहारतज्ज्ञाची पहिली भेट डायलिसिस सुरू झाल्यावर कधी व्हावी याला नियम नव्हता. भाऊंची चौदाव्या महिन्यात झाली, तीही खाजेमुळे. आता पहिल्या चार आठवड्यांत करतो. गर्दीच्या महिन्यात ते जमतंच असं नाही.

सेव्हेलमरचा पर्याय डॉक्टरांनी फाइलमध्ये उघडा ठेवला आहे. डिसेंबरच्या तपासणीत पीटीएच पुन्हा चढलं तर त्यासाठी सिनाकॅल्सेट सुरू करायचं की आधी कॅल्शियमच्या काही गोळ्या काढून तिथे सेव्हेलमर बसवायचं, यावर बोलणं चालू आहे. भाऊंनी दोन्हींच्या महिन्याच्या खर्चाचा हिशोब करून आणला आहे.